गाडीच्या पोटातली मांजरं

आमच्या रस्त्यावर तिला सगळे फुंकणी म्हणतात. हे नाव तिच्या धाकट्या भावानं ठेवलं. गाड्यांच्या धुराच्या नळ्या वाकवायच्या, जोडायच्या, सायलेन्सर बसवून द्यायचे हा तिचा धंदा, आणि अंगानंही ती तशीच, उंच आणि किडकिडीत. पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा तिनं त्याच्या पाठीत हातमोजा फेकून मारला होता. पुढं गिऱ्हाइकंच "फुंकणीताई आहेत का?" असं विचारत यायला लागली, तेव्हा तिनं नाद सोडला.

माझं बॅटरीचं दुकान तिच्या शेडला लागून आहे. मध्ये एक पत्र्याची भिंत. तिकडं घण पडला की इकडं माझ्या फळीवरच्या बॅटऱ्या थरथरतात. त्यामुळं ही हकिकत मला ठाऊक आहे. थोडी मी डोळ्यांनी पाहिली, बाकीची तिनं सांगितली, तीही एका दमात नाही, जशी जमेल तशी.

शेड त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर बहीणभावांनी ती चालवली. जोडकाम, म्हणजे वेल्डिंग, तिचं. धाकट्याचं काम गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचं आणि आवाज जुळवायचं. गाडी सुरू करून तो डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "ताई, घसा बसलाय हिचा, नळी थोडी रुंद कर." ती करायची, आणि तो म्हणेल तसंच व्हायचं.

त्यानं स्वतःसाठी एक जुनी टर्बो गाडी घेतली. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारं एक छोटं चक्र. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं आणि गाडी उसळते. धुराला वाट जितकी मोकळी, तितकं चक्र लवकर फिरतं. आणि त्या वाटेत दोन डबे बसलेले असतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. विषारी वायू तिच्यातून जाताना बराचसा निवळून बाहेर पडतो. धंद्यातली माणसं त्याला नुसतं कॅट म्हणतात. धाकटा म्हणायचा मांजर.

"ताई, मांजरं काढू या."

"कशाला? राहू देत. फारच वाटत असेल तर मोकळ्या जाळीची बसवू. ताकदही मिळेल, धूरही गाळला जाईल."

"चहा गाळून घ्यायचा असतो गं, धूर नाही."

"आणि धुराच्या तपासणीला काय दाखवशील? माझं डोकं?"

"तेव्हा परत लावू. मांजरं कुठं पळून जातायत?"

ती हसली, आणि हसली म्हणजे हरली. दोघांनी मिळून दोन्ही डबे काढले आणि सरळ नळी घातली. डबे त्यानं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले.

त्या गाडीचा आवाज आमच्या रस्त्यावर लहानथोरांना ओळखू यायचा. आधी खर्जातली गुरगुर. वळणावर गिअर उतरवला की दोन फटाके. आणि मग एक बारीकशी फडफड, कागद वाऱ्यावर धरल्यासारखी. ही फडफड ऐकून ती म्हणाली होती, "माझा जोड कुठंतरी उकललाय. गाडी वर घे, बघते." त्यानं गाडीला हात लावू दिला नाही. "खरी मजा तीच आहे. तेवढ्यावरून आईला खिडकीतून कळतं, मी आलो ते."

अधूनमधून तो माझ्या दुकानात येऊन बाकावर आडवा व्हायचा. "काका, डोकं जड झालंय." मी चहा मागवायचो. डोकं कोणाचं दुखत नाही?

एका सकाळी शेडच्या नळावर हात धुता धुता तो खाली बसला. साबण हातातच राहिला. आम्ही दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डोक्यातली एक रक्तवाहिनी जन्मापासून कच्ची होती, ती फुटली, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळच्या आत तो गेला.

गाडी शेडच्या दाराशी उभी होती. तिच्याकडं बघवेना, म्हणून फुंकणीनं ती लांबच्या एका दलालाला देऊन टाकली. कोणाला विकली, हे तिनं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शटर उघडलं आणि कामाला लागली. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम आता तिच्यावर पडलं. ती हो किंवा नाही एवढंच बोलायची.

त्यांचं घर मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. खिडकी बरोबर वळणावर. आई त्या खिडकीशी बसायची, पण बघायची नाही कशाकडंच. ताटातलं चिवडायची. जेवलीस का म्हटलं तर "हो" म्हणायची, आणि पातेलं तसंच भरलेलं.

वर्ष उलटून गेलं. एका संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. एकदम उठली, मांडीवरचं भांडं सांडलं, मटार खोलीभर झाले.

"आला," ती म्हणाली.

"कोण आला?"

"कोण म्हणून काय विचारतेस? दार उघड."

फुंकणी आतल्या खोलीत होती, तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिनं आईला बसवलं, पाणी दिलं. आईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. त्या आठवड्यात आईनं पुन्हा दार उघडायला लावलं. फुंकणीनं दार उघडून रिकामा जिना दाखवला. आईनं जिन्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "गाडी लावत असेल."

मग एक दिवस शेड बंद करून फुंकणी घरी चालली होती. हातात भाजीची पिशवी. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तिच्या पाठीमागून गुरगुर आली. वळण. दोन फटाके. फडफड.

ती मागं वळली नाही. मला म्हणाली, "काका, वळले असते आणि कोणी नसतं तर? आणि कोणी असतं तर?" कठडा धरून ती आवाज विरेपर्यंत उभी राहिली. जोड तिच्या हातचा होता. शंभर गाड्यांत तिनं तो ओळखला असता.

वरून आईनं हाक मारली, "ऐकलंस ना? मग मला वेड्यात का काढत होतीस?"

फुंकणीच्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. गाडी विकली गेली, कोणीतरी घेतली, तो माणूस जवळपास राहतो, फेरफटका मारतो. यात भुताटकी काही नाही. पण हे आईला सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला दिसलं, की आईनं केस विंचरलेत. कितीतरी महिन्यांनी. ताटही पुसून खाल्लेलं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि भाजी निवडायला घेतली. त्यानंतर संध्याकाळ झाली की त्या घरात रेडिओ बंद व्हायचा, नळ बंद व्हायचा. मायलेकी खिडकीशी बसायच्या. फुंकणीला वाटायचं, खाली वाकून बघावं, गाडी दिसेल. पण आवाज आला की तीही डोळे मिटून घ्यायची. इकडं शेडचं शटर उजेड असतानाच खाली यायला लागलं. मी चेष्टेनं म्हटलं, "काय फुंकणे, कोणी वाट बघतंय की काय घरी?" ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला उगाचच बोललो असं झालं.

मग एका दुपारी माझ्या बॅटऱ्या थरथरल्या.

मी बाहेर आलो. तीच गाडी, तिच्याच शेडसमोर, चालू. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आतून एक गोल चेहऱ्याचा तरुण उतरला. हातांच्या केसांत पीठ अडकलेलं. पलीकडच्या चौकात बेकरी काढलेला. फुंकणी जोडकामाचा मुखवटा चढवून बाहेर आली आणि तिनं तो वर केलाच नाही. सगळं बोलणं मुखवट्याआडून झालं.

"हे काम तुमचंच ना? दोघातिघांनी सांगितलं, असा जोड फक्त इथं लागतो."

"असेल."

"यातले कॅट कोणीतरी काढलेत. मला परत बसवायचेत. तपासणीत गाडी नापास झाली. आणि घरात तान्हं बाळ आहे, बायकोचं डोकं दुखतं म्हणते गाडीत. मी म्हटलं जागरणानं दुखत असेल. पण तरी..."

"भाग मिळत नाहीत या गाडीचे," फुंकणी म्हणाली. "मागवून बघते. नंतर या."

भाग तिच्या डोक्यावर, माळ्यावर होते.

तो बिचारा परत आला. भाग आले नव्हते. पुन्हा आला. अजून आले नव्हते. तिसऱ्यांदा तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, वर गोणपाटात आहेत ते काय आहे मग?"

"काका, तुम्ही तुमच्या बॅटऱ्या बघा."

मी बॅटऱ्या बघायला गेलो. थोड्या वेळानं ती आपणहून आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई जेवतेय," ती म्हणाली. "काल म्हणाली, त्याला सांग हळू चालव. ती रागावली, काका. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणावर तरी रागावली. आता मी ती मांजरं परत लावली, तर तो आवाज जाईल. मग मी आईला काय सांगू? पुन्हा गेला म्हणून?"

मी तिच्यासाठी चहा मागवला.

बेकरीवाल्याची बायको आली ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. नवरा भट्टीवर होता, म्हणून ती स्वतः गाडी घेऊन आली होती. दार उघडून उतरली आणि शेडच्या पायरीवर बसली. चेहरा पांढराफटक. बसल्या बसल्याच तिनं गटारात उलटी केली. मी तांब्या घेऊन धावलो, फुंकणीनं तिला पाणी दिलं.

"बाळ कुठंय?"

"मागं. झोपलंय. एरवी घर डोक्यावर घेतं. गाडीत घातलं की लगेच गाढ. म्हणून तर रोज संध्याकाळी हे त्याला फेरी मारून आणतात, तुमच्या त्या मागच्या वळणापर्यंत. परत येईतो हलवलं तरी उठत नाही."

फुंकणीनं मागचं दार ओढलं. बाळाला उचललं तर मान खांद्यावर लटकली. गालावर टिचक्या मारल्या, पायाला चिमटा काढला. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हिसकावून तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. बाळानं डोळे किलकिले केले, आणि मग बारीक, चिरका आवाज काढून रडलं. 

माझ्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. फुंकणीनं डॉक्टरांना दारातच सांगितलं, "धूर गेलाय पोटात. गाडीचा. रोज थोडा थोडा." बाळाला प्राणवायूवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते बाटलीसाठी भोकाड पसरायला लागलं तेव्हा त्याला घरी सोडलं.

गाडी शेडमध्येच राहिली. फुंकणीनं घरगुती गॅसची गळती शोधणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून विषारी वायू मोजायचं मीटर आणलं, बाळाच्या जागेवर ठेवलं आणि शटर उघडं टाकून गाडी सुरू केली. जरा वेळानं मीटर ओरडायला लागलं. गाडी वर चढवून तिनं खाली टॉर्च मारला. जोड केसभर उकलला होता. तिचाच जोड. धाकट्यानं जिला हात लावू दिला नव्हता ती फडफड त्या फटीतून येत होती. फटीतून निघालेला धूर गाडीच्या तळाशी गंजलेल्या भोकातून आत जात होता, आणि पुढं दोन्ही डबे नसल्यामुळं तो निवळलेला नव्हता, जसाच्या तसा विषारी होता. त्यातल्या विषारी वायूला तर वासही नसतो.

ती गाडीखालून बाहेर आली आणि मला म्हणाली, "त्याचं डोकं जड व्हायचं. तुमच्या बाकावर झोपायचा ना तो?"

मला कळलं ती कुठं चाललीय. "फुंकणे, नको. डॉक्टर काय म्हणाले होते?"

ती धाकट्याच्या त्या डॉक्टरांकडं जाऊन आली. त्यांनी तिला बसवून, कागदावर चित्र काढून समजावलं, की रक्तवाहिनी जन्मजात कच्ची होती, धुराचा तिच्याशी संबंध नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली. नुसती मान.

आता काय करायचं ते ठरवायचं होतं. बेकरीवाल्यानं सगळं तिच्यावरच सोपवलं होतं. फट बुजवायची, तळाचं भोक बंद करायचं, आणि बाकी नळी तशीच ठेवायची, हे होण्यासारखं होतं. फडफड गेली तरी गुरगुर आणि फटाके राहिले असते. मोकळ्या जाळीची कॅट घातली असती तरी आवाज थोडाफार राहिला असता.

तिनं आईला सगळं सांगितलं. गाडी कोणाची, कुठून येते, बाळ, दवाखाना. आई ऐकत होती.

"मग भोक बुजव," आई म्हणाली. "बाकीच्याला हात लावू नकोस."

"आई, आज बुजवीन. उद्या दुसरीकडं उकलेल. नळीतला धूर तरी निवळलेला हवा. त्यांचं लहान बाळ आहे."

"माझाही लहानच आहे."

"आई, तो गाडीत नसतो गं."

"तू मला सांगू नकोस तो कुठं असतो ते!" आईनं हातातली वाटी आपटली, आणि त्यानंतर ती फुंकणीशी बोलेनाशी झाली.

फुंकणीनं माळ्यावरून गोणपाट उतरवलं तेव्हा मी शिडी धरली होती. डब्यांची तोंडं स्वच्छ कापडानं बांधलेली, गंज चढू नये म्हणून कडांना तेल चोळलेलं. धाकटा असा नीटनेटका कधीच नव्हता, जेवलेलं ताटही जागेवर सोडून उठायचा. ही मांजरं मात्र त्यानं खरंच परत लावायची म्हणून ठेवली होती. फुंकणी एक तेलकट डबा मांडीवर घेऊन बसली. मी माझ्या दुकानात निघून आलो. 

पुढच्या सगळ्या संध्याकाळी ती काम करत राहिली. दोन्ही डबे मूळच्या जागी, नळी नवी, जोड नवे, मागं मूळ धाटणीचा सायलेन्सर. काम संपल्यावर गाडी सुरू केली तर इंजिन चालू आहे की नाही हे बघायला तिला त्याच्यावर हात ठेवावा लागला.

बेकरीवाला बायकोला घेऊन आला. फुंकणीनं त्यांना समोर बसवून सांगितलं, की भाग पहिल्या दिवसापासून इथंच होते. बेकरीवाला उठला, किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसला. बायको मागं थांबली.

"का केलंत असं?"

फुंकणीनं धाकट्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. ती बाई ऐकून घेऊन निघून गेली.

नंतर एकदा फुंकणीनं खिडकीतून ती गाडी बघितली. नाकासमोरून गेली, वळली, दिसेनाशी झाली. आई शेजारीच कान देऊन बसलेली. तिला पत्ताही लागला नाही.

आई पुन्हा ताटातलं चिवडायला लागली. मग एका संध्याकाळी तिनं मान वर केली. कित्येक दिवसांनी लेकीशी बोलली.

"आला."

आणि फुंकणीला ते ऐकू आलं. गुरगुर, वळण, दोन फटाके, फडफड. ती धावत जिना उतरली. रस्त्यात एक सायकलवाला चालला होता, बाकी कोणी नाही. सकाळी ती बेकरीत गेली. बेकरीवाल्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं, की बायको बाळाला घेऊन माहेरी गेलीय, गाडी तिकडंच आहे, चार दिवस झाले. आणि तिच्या हातात पाव देऊन तो आत गेला.

हे मला सांगताना ती हातमोजा काढत होती, घालत होती. मी म्हटलं, मनाचे खेळ असतात. ती म्हणाली, "दोघींच्या मनाचा एकच खेळ, काका?"

माहेराहून परतल्यावर ती बेकरीवाल्याची बायको गाडी घेऊन त्यांच्या घराखाली आली, जिना चढून वर गेली. आईसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, चला, फेरी मारून येऊ. बाळाला धरायला कोणीतरी हवंय मला."

आई जाणार नाही असं फुंकणीला वाटलं. पण आई उठली, पायात चपला घातल्या. मागच्या सीटवर बाळाशेजारी बसली. गाडी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. बाळ सगळा वेळ जागं होतं, आईचं बोट चोखत होतं, बांगड्या ओढत होतं.

उतरल्यावर आईनं गाडीच्या टपावर हात ठेवला.

"फार शांत चालते," ती फुंकणीला म्हणाली. "आपला असा नव्हता."

धाकट्याबद्दल "नव्हता" हा शब्द आईच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. जिना चढताना आईला मध्येच बसावं लागलं, आणि तिथं पायरीवर ती रडली. अंत्यविधीलाही रडली नव्हती. फुंकणी तिच्या खालच्या पायरीवर बसून राहिली.

आता आई खिडकीशी बसते, पण दार उघडायला सांगत नाही. फुंकणी कोणाचीही मांजरं काढून देत नाही. टर्बोवाली पोरं येतात, हुज्जत घालतात, दुसरीकडं जातात. ती म्हणते, जा. मोकळ्या जाळीची हवी असतील तर ती बसवून देते, पण आधी मीटर लावून गाडीचा तळ तपासते, आणि तोवर कोणाला आत बसू देत नाही.

परवा तिच्या शेडमध्ये घासणयंत्र चालू होतं, ते मध्येच बंद पडलं. मला वाटलं वीज गेली. बघायला गेलो तर ती यंत्र हातात घेऊन शटरकडं तोंड करून उभी होती.

"ऐकलंत?"

"काय?"

रस्त्यावर पोरं खेळत होती. मी कान दिला. गाडी कुठलीच नव्हती, पत्र्यापलीकडं माझ्या बॅटऱ्याही थरथरत नव्हत्या.

"काही नाही," ती म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं.